पायी आलेलं वादळ

१

आमच्या कार्यालयात पावसाचा अंदाज कसा काढत असत, हे ऐकून लोकांना हसू येतं. मला संताप यायचा. अख्ख्या खोऱ्यात पर्जन्यमापकं तीन. एक गंजलेलं, एकात पाखरांनी घरटं केलेलं, आणि तिसरं शाळेच्या गच्चीवर. शाळेला सुट्टी असली की पावसालाही सुट्टी. रडार होतं, पण त्याच्या तोंडासमोर डोंगर. डोंगरापलीकडे आभाळ फाटलं तरी रडारला गंधवार्ता नाही. या आंधळ्याबहिऱ्यांच्या जिवावर आमचे साहेब रोज दुपारी 'हलका ते मध्यम, काही ठिकाणी जोरदार' असं लिहून मोकळे व्हायचे. म्हणजे काहीही झालं तरी साहेब बरोबर. कॅन्टीनमध्ये लोक चहासुद्धा याहून नेमका मागतात.

मी दूर देशी शिकले आणि परत आले ती हा प्रकार बंद पाडायला. वीज डोंगराला विचारून पडत नाही. ती चमकली की तिचा एक रेडिओ-कडाका सगळीकडे पसरतो. खोऱ्याभोवती खांबांवर पेट्या बसवल्या, कुठल्या पेटीला आधी ऐकू आलं ते पाहिलं, की वीज कुठे चमकली ते कळतं. ढगात विजांची संख्या एकदम वाढली की थोड्या वेळाने खाली पाऊस कोसळतो. किती विजांमागे किती पाणी, हे गणित एकदा जुळवलं की रडार नको, पाखरांची घरटी नकोत. वीज आधी, पाऊस मागून. त्या मधल्या वेळात माणसं घराबाहेर काढता येतात.

ही माणसं मला माहीत होती, म्हणून मी इतकी पेटलेली होते. माझी ताई खालच्या वस्तीत राहायची, ओढ्याला लागून. गेल्या वर्षी ओढा वस्तीत शिरला तेव्हा कार्यालयात 'हलका ते मध्यम' टांगलेलं होतं आणि ताई स्वयंपाकाच्या ओट्यावर उभी राहून छताच्या वाशाला लटकली होती. आता तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक खांब उभा होता, त्यावर भोंगा. तो माझ्या नकाशाला जोडायचा की नाही, हे एक समिती ठरवणार होती. जोडला तर ताई वेळेवर बाहेर पडेल. नाही जोडला तर खांब कावळ्यांना मोकळा.

२

पहिला ठिपका आला तेव्हा दुपार होती. आभाळ स्वच्छ, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. माझ्या नकाशावर प्रत्येक वीज म्हणजे एक ठिपका. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, बंद पडलेल्या खाणीजवळ, एक ठिपका उमटला. त्याला खेटून दुसरा. मग तिसरा.

"पेटी बिघडली," मी म्हणाले.

पेट्यांची देखभाल ज्याच्याकडे होती त्याला सगळे अँटेना म्हणायचे. उंच, काटकुळा, आणि कामाची लहर सोडून बाकी सगळ्या लहरी पकडणारा. त्याने खुर्चीतूनच मान लांब केली.

"एक पेटी बिघडली तर ठिपका येतच नाही मॅडम. सगळ्यांनी एकदम खोटं बोलायला त्यांची काय युनियन आहे?"

"मग आभाळात ढग दाखव."

"ढग दाखवायचा पगार साहेबांना आहे."

मी त्याचं बोलणं सोडून दिलं. अशा माणसांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून भिंतीला कळ येईल अशी आशा करणं.

दुसऱ्या दिवशी ठिपके पुढे सरकले होते. खाणीपासून खाली, ओळीने. ओळ सरळ नव्हती. डावीकडे वळून परत उजवीकडे येत होती. मी नकाशाखाली रस्त्यांचा नकाशा ठेवून पाहिला. ओळ घाटरस्त्याच्या वळणांवर तंतोतंत बसली.

वादळाला रस्ते ठाऊक नसतात. ते डोंगर, दरी, शेत, तुरुंग, सगळ्यांवरून एकाच बेफिकिरीने जातं. शिवाय आमच्या पेट्या नेम धरून बोलत नाहीत. एक वीज शोधताना त्या अख्ख्या मोहल्ल्याएवढी चूक सहज करतात. खऱ्या वादळाचे ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे पसरतात. हे ठिपके कुणी टाचणीने टोचल्यासारखे होते. आणि ओळ पुढे सरकत होती ती पायी जाणाऱ्या माणसाच्या वेगाने.

हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर त्यावर चहा प्यायला असता सगळ्यांनी.

३

एका ठिकाणी ओळ थांबली होती. घाट उतरल्यावर बसचा थांबा आहे, तिथे दुपारभर ठिपक्यावर ठिपका पडत राहिला. मग ओळ पुन्हा चालू.

मी तिथे गेले. जाताना स्वतःची चीड येत होती. शिकलेल्या बाईने यंत्राच्या चुकीमागे उन्हात धावावं, हे काही मला शोभत नव्हतं. पण चूक नेमकी कुठे आहे ते पाहणं हेसुद्धा विज्ञानच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

थांबा म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा. आत सिमेंटचा लांब बाक. बाक कोरडा, धुळीने पांढरा. फक्त एका टोकाला ओल होती. एक माणूस बसेल एवढी. आणि बाकाखाली दोन छोटी थारोळी, शेजारी शेजारी.

मी वर पाहिलं. पत्र्याला भोक नव्हतं. पत्रा इतका तापलेला की त्याखाली उभं राहवेना.

समोर पंक्चर काढणारा बसला होता. मी त्याला विचारलं, इथे पाणी कुणी सांडलं?

"मला काय माहीत बाई? कुणी बाटली सांडली असेल."

"कधीपासून आहे?"

"परवा पाहिलं होतं." त्याने टायर फिरवला. "ऊन पडलंय तर वाळेल की."

परवा. अशा उन्हात ओला टॉवेल घटकाभरात कडक होतो. मी बोट लावून पाहिलं. पाणी गार होतं, नुकतंच आभाळातून आल्यासारखं. त्याला जळकट वास होता, वीज जवळ पडल्यावर हवेला येतो तसा.

पाईप फुटला असेल, मी म्हणाले. जमिनीतून ओल चढली असेल. सिमेंट पाणी धरून ठेवतं. एकाला तीन कारणं सापडली तेव्हा मला बरं वाटलं. परतताना लक्षात आलं, तीन कारणं तेव्हाच लागतात जेव्हा एकही पुरत नाही.

४

त्या संध्याकाळी ताईकडे गेले. तिचं घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि पुराने भिंतीवर काढून ठेवलेली मातकट रेघ. तिने त्या रेघेच्या खाली काही ठेवणंच सोडलं होतं. कपडे, भांडी, फोटो, सगळं तिच्या वर. खाली मोकळ्या भिंती. त्यामुळे घर अर्धवट सामान हलवल्यासारखं दिसायचं.

"आल्या का विदुषी," ती म्हणाली. "काय म्हणतंय आभाळ?"

"आभाळ शहाणं आहे. माणसं मूर्ख आहेत."

"तू परत आल्यापासून या गावात एक तरी माणूस शहाणं सापडलं का गं तुला?"

"तू."

"मी? पुरात ओट्यावर चढून बसलेली बाई शहाणी? मग तर झालंच तुझ्या विज्ञानाचं." ती हसली. मग माझ्या केसांतून हात फिरवला, आई गेल्यापासून ती फिरवते तसा. "किती वाळलीस. तिकडे जेवायला घालत नव्हते, इथे तू जेवत नाहीस."

मी तिला म्हणाले, जरा जास्त पाऊस आला की लगेच माझ्याकडे निघून ये.

"दर ढगाला घर सोडून पळू? शेजारीपाजारी आधीच हसतात मला, दरवेळी गाठोडं घेऊन निघते म्हणून. आता मी ठरवलंय. तुझा भोंगा वाजला की निघायचं. नाही वाजला तर आभाळ कोसळलं तरी इथेच."

"इतका विश्वास बरा नव्हे."

"मग कशाला लावतेस भोंगा, शहाणे?"

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती सहज म्हणाली, "परवा पुलावर उभी होतीस का गं? लांबून तुझ्यासारखीच दिसली कुणीतरी. हाक मारली तर वळलीसुद्धा नाही."

"मी कशाला पुलावर उभी राहू?"

"तेच म्हटलं. आणि चिंब भिजलेली होती ती. मला वाटलं ओढ्यात पडली की काय."

५

समितीच्या आदल्या दिवशी नकाशा लाल झाला.

कारण उघड होतं. माझं गणित ठिपक्यांवरून पाणी काढतं. एरवी वादळ वाऱ्याबरोबर पळतं, त्याचं पाणी कोसभर पसरतं. इथे सगळे ठिपके एकाच जागी साचत होते, म्हणून गणित सगळं पाणी त्याच जागी ओतत होतं. जेमतेम खोलीएवढ्या जागेवर अख्खं वादळ. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातला भोंग्याचा दिवा पेटला आणि विझेना. अजून खरा भोंगा जोडलेला नव्हता म्हणून निभावलं.

साहेब चष्मा कपाळावर चढवून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी हात बाहेर काढला.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "मॅडम, आमचं 'हलका ते मध्यम' निदान भिजवत तरी नाही कुणाला. उद्या समितीसमोर हे असं केलं तर पेट्या भंगारात आणि तुम्ही विमानात."

"एका त्रुटीवरून पद्धत खोटी ठरत नाही साहेब."

"समितीला त्रुटी आणि पद्धत यातला फरक कळला असता तर ती समितीत कशाला बसली असती?"

त्यांच्या तोंडून निघालेलं ते एकमेव खरं वाक्य असावं. अँटेना बिस्किट बुडवत म्हणाला, "सोप्पं आहे. तुमची वीज पायी फिरते ना? मग जे पायी फिरतं ते पुसून टाका. गाडीने येईल तेवढंच वादळ."

तो विनोद करत होता. पण माझ्या डोक्यात ते नियमासारखं उतरलं. प्रत्येक वादळाला किमान वेग असतो. त्याहून हळू सरकणारं काहीही वादळ नाही, तो गोंगाट. गोंगाट गाळणं हे तर आमचं रोजचं काम. गोंगाट कुठे निघालेला नसतो, त्याला घर नसतं, त्याला कुणाची ओढ नसते. मी नियम लिहिला. वीज चालत नाही. जे चालतं ती वीज नव्हे. मी तर प्रत्येक वीज मोजायला परत आले होते, पण हा विचार मी अशा चपळाईने बाजूला सारला की साहेबांनाही हेवा वाटला असता.

नियम लागू करण्यापूर्वी मी शेवटचा ठिपका पाहिला. तो ओढ्याच्या पुलावर होता, खालच्या वस्तीच्या बाजूला.

मग बटण दाबलं आणि खोरं स्वच्छ झालं.

६

समिती जेवून आली, म्हणून खुशीत होती. मी त्यांना पेट्यांनी तेव्हा नुसतं नोंदवून ठेवलेलं गेल्या वर्षीचं वादळ दाखवलं, ज्या वादळात वस्ती बुडाली. पडद्यावर विजा उसळल्या, माझ्या गणिताने पाणी दाखवलं, भोंग्याचा दिवा पेटला, आणि ओढा प्रत्यक्षात फुगला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने. एवढ्या वेळात बिछान्याला खिळलेली म्हातारीसुद्धा उचलून नेता आली असती. साहेबांनी अशा थाटात मान हलवली जणू कल्पना त्यांचीच.

"आणि आत्ता काय दाखवतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मी नकाशा आजच्या घडीला आणला. रिकामा.

"काही नाही."

"छान. काही नाही म्हणजे काही नाहीच ना?"

"हो," मी म्हणाले.

सही झाली. तिथल्या तिथे भोंगा जोडला. टाळ्या वाजल्या. मी बाहेर व्हरांड्यात येऊन ताईला फोन लावला. तिला सांगायचं होतं की आता निर्धास्त झोप.

फोन उचलला गेला आणि पाऊस ऐकू आला. लांबचा नाही. पत्र्यावर, फरशीवर, भांड्यांवर, पाण्यावर पडणारं पाणी. व्हरांड्यासमोर अंगणात ऊन होतं. वस्तीवरचं आभाळही मला तिथून दिसत होतं, निळंभोर.

"कोण बोलतंय?" ताई ओरडून बोलत होती.

"ताई, मी."

"ऐकू येत नाही हो! पाऊस किती आहे! नंतर करा तुम्ही, माझी बहीण आलीये. पार भिजून आलीये, दातखीळ बसलीये बिचारीची, बोलतसुद्धा नाही. अगं, थांब, केस तरी पुसू दे..."

"ताई, मी बोलतेय! ताई!"

"नंतर करा," ती म्हणाली. परक्याशी बोलावं तसं, नीट, सभ्यपणे. फोन बंद झाला.

मी आत गेले आणि सगळ्यांसमोर नियम काढून टाकला. ताईच्या गल्लीत, ताईच्या घरावर, एकच ठिपका होता. नीट पाहिल्यावर कळलं, तो एक नव्हता. एकावर एक पडत होते, इतके की मध्यभाग काळा झाला होता. पाण्याचा आकडा वाचण्याआधीच बदलत होता. नकाशा लाल झाला आणि खालून, वस्तीकडून, भोंगा ऐकू येऊ लागला.

"मॅडम!" साहेब पांढरेफटक पडले होते. "बंद करा ते! समिती अजून जिन्यात आहे!"

मी त्यांच्या टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

७

अख्खी वस्ती गल्लीत उभी होती. मुलं कडेवर, गाठोडी डोक्यावर, गाद्या खांद्यावर. वर लख्ख ऊन. भोंगा कान फाडत होता आणि लोक आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहत होते.

"हीच ती!" एक बाई म्हणाली. "ताईची बहीण. हिनेच लावलाय तो भोंगा."

"अहो, जेवायला बसलो होतो आम्ही!"

"परदेशातून शिकून आल्यात. तिकडे उन्हातच पोहतात वाटतं!"

हशा पिकला. मी त्यांना ढकलत पुढे गेले. आजवर मी ज्या सुरात सगळ्यांना हसत आले होते तोच सूर होता त्यांचा; मला तो चटकन ओळखू आला. पण मी गर्दीत एकच चेहरा शोधत होते, आणि तो नव्हता. सगळी दारं सताड उघडी होती. ताईचं बंद होतं.

मी दार ठोठावलं. आतून कडी होती. दार थरथरत होतं, आत कुणी पिंप उपडं करत असावं तसं. उंबऱ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. पायरी तापलेली.

"ताई! बाहेर ये!"

कडीजवळ हालचाल झाली.

"कोण आहे?" ताईचा आवाज पाण्याआडून आला, थकलेला.

"मी. भोंगा वाजतोय ताई. ऐकू येत नाही का? तू म्हणाली होतीस ना, भोंगा वाजला की निघेन?"

आत पाऊस कोसळतच होता.

"कसला भोंगा?" ती म्हणाली. मग, "मी म्हणजे कोण?"

मी माझं लाडाचं नाव सांगितलं, फक्त आई आणि ती ज्या नावाने हाक मारायची ते. दारापलीकडे पाऊल मागे गेलेलं मला कळलं.

मी खिडकीकडे धावले. काच बंद होती. बाहेरून धूळ, माझ्या बोटांचे ठसे उमटले तिच्यावर. आतून पाणी ओघळत होतं, ओघावर ओघ, आणि पलीकडे काही दिसत नव्हतं. मी काचेवर मूठ आपटली. तेव्हा आतून एक हात आला आणि त्याने तळहाताने काच पुसली. तेवढ्या जागेत ताईचा चेहरा दिसला. केस गालांना चिकटलेले, ओठ निळे, खांद्यावर टॉवेल. ती मला पाहायला वाकली होती.

तिने मला पाहिलं. उन्हात, कोरडी, तोंड उघडं.

तिच्या ओठांनी माझं नाव घेतलं. मग ती हळूच मागे वळली आणि तिने आत पाहिलं, जिचे केस ती आत्तापर्यंत पुसत होती तिच्याकडे. भिंतीवरची ती मातकट रेघ पाण्याखाली गेली होती. त्या पाण्यात, ताईच्या मागे, कुणीतरी उठून उभं राहत होतं. खोली एकदा पांढरी झाली. आवाज झाला नाही.

पुसलेल्या जागेवर पुन्हा पाणी उतरलं.

मी काचेला दोन्ही तळहात लावून उभी होते. काच बर्फासारखी गार होती. मागे कुणीतरी गादी खाली टाकली आणि लोकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "मग, मॅडम? कुठाय तुमचा पाऊस?"